हजेरीपुरते डोळे

तिला घरात लवंगी म्हणतात. हे नाव मामाने ठेवलं, ती बोलायला लागली त्याच वर्षी, आणि पोरीने ते आजवर खोटं ठरू दिलेलं नाही. अंगाने एवढीशी, पण चिडली की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात. हल्ली चिडायला तिला कारणही शोधावं लागत नाही. फोन हातात घेतला की पुरे.

आणि गंमत बघा, ह्याच पोरीचं सगळं आयुष्य त्या फोनात अडकलंय. वडील ती लहान असतानाच गेले. आई घरी शिवणकाम करते. तिसरा माणूस म्हणजे मामा, आईचा मोठा भाऊ, एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. त्याचे दोन्ही डोळे लहानपणीच आजारात गेले, मग ऑपरेशनं झाली, आणि पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. आता उघडत नाहीत. काळा चष्मा लावतो तो लोकांच्या सोयीसाठी, असं तो स्वतःच सांगतो. लवंगीला अक्षरं लावता यायला लागली तेव्हापासून मामाचं वाचायचं खातं तिच्याकडे आलं. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, दुकानांच्या पाट्या, सगळं तिने वाचायचं आणि त्याने ऐकायचं.

पुढे मामाने बोलणारा फोन घेतला. पडद्यावर जे असेल ते फोन मोठ्याने वाचणार, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. प्रत्यक्षात फोन काय बोलायचा? "बटण. बटण. चित्र. बटण." ॲप बनवणाऱ्या शहाण्यांनी बटणांना नावंच दिलेली नसायची. मामा म्हणायचा, "अगं, हे यंत्र मला वाचून दाखवतंय की चिडवतंय?" मग लवंगी तावातावाने त्या कंपनीला मेल लिहायची. उत्तर लगेच यायचं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' मोलाचा म्हणे! मोलाचा असता तर कुणी वाचला नसता का?

असल्याच मेलांपायी ती त्या गटात जाऊन पडली. आशिया-पॅसिफिकमधल्या निरनिराळ्या देशांची ही कॉलेजच्या वयाची मुलं. इंटरनेटने माणसांचं भलं काय होतंय आणि वाटोळं काय होतंय, ते आपापल्या गावात बघायचं आणि शनिवारी व्हिडिओवर जमून एकमेकांना सांगायचं, एवढाच त्यांचा उद्योग. एक बेटावरचा मुलगा होता. समुद्राखालची तार तुटली की त्याचं अख्खं बेट मुकं व्हायचं आणि त्याच्या खिडकीत नुसतं गोल फिरणारं चक्र दिसायचं. एक नर्सिंग शिकणारी मुलगी होती, तिला खोट्या औषधांच्या जाहिराती पकडायचा नाद होता. लवंगीचा विषय एकच, यंत्राला न दिसणारी माणसं. सगळ्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण भांडण्यापुरतं पक्कं. कॉलेजात लवंगीला मैत्रिणी बेताच्याच, इथे मात्र ती खुलायची. शनिवारी दुपारी तिचा आवाज ऐकून आई शिलाई मशीन थांबवायची आणि म्हणायची, "जरा हळू गं, परदेशात आपोआप ऐकू जाईल."

तर अशी ही पोरगी. हिच्याकडून ती चूक व्हावी!

झालं असं. हॉस्पिटलात हजेरीचं नवं ॲप आलं. आपल्या फोनात आधी चेहरा नोंदवायचा, मग रोज आल्यावर आणि जाताना हॉस्पिटलच्या आवारात उभं राहून फोनकडे बघायचं. समोर फोटो धरलाय की जिवंत माणूस उभा आहे हे कळावं म्हणून फोन सांगणार, 'डोळे उघडा. डोळे मिटा.' तसं केलं की हजर. नाही केलं की गैरहजर.

मामाने चष्मा काढला, लवंगीने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. 'डोळे उघडा,' फोन म्हणाला.

"उघडले असते तर तुला विचारायला थांबलो असतो का रे?" मामा म्हणाला.

दोघं हसली. पहिल्या दिवशी हसू येतंच. मग लवंगीने मदतीच्या खिडकीत तक्रार लिहिली. तिथे यंत्रच बसलेलं. ते म्हणालं, कृपया उजेडात उभे राहा. उभं केलं. कृपया चष्मा काढा. काढलाच होता. कृपया डोळे मोठे उघडा. लवंगीने लिहिलं, 'ते अंध आहेत, पापण्या उघडत नाहीत.' त्यावर उत्तर आलं, 'धन्यवाद, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट हॉस्पिटलच्या कर्मचारी विभागातल्या बाईंकडे गेली. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. त्या नुसत्या दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, ॲप बाहेरच्या कंपनीचं आहे, माझ्या हातात काही नाही. कसंतरी बसव बाई, उद्या मुदत संपते. नोंद नसेल तर पगारच निघणार नाही."

कसंतरी बसव! मोठी माणसं हा शब्द किती सहज टाकून मोकळी होतात. संध्याकाळी घरी लवंगीने पुन्हा फोन धरला, खालून धरला, वरून धरला, मामाच्या पापण्या बोटांनी ओढून बघितल्या. तो कळवळला तेव्हा तिने फोन पलंगावर आपटला. मग तोच फोन उचलला, स्वतःच्या तोंडासमोर धरला, आणि मामाच्या नावावर स्वतःचे डोळे उघडले आणि मिटले. 'अभिनंदन, आपली नोंद पूर्ण झाली.' पंचावन्न वर्षांचा पुरुष कर्मचारी, आणि चेहरा बावीस वर्षांच्या मुलीचा. यंत्राला काही वावगं वाटलं नाही. माणसांपैकी कुणी ते उघडून पाहिलंच नाही.

"तात्पुरतं हं मामा," ती म्हणाली. "तक्रार मार्गी लागेपर्यंत."

"तात्पुरतं म्हणजे किती?" मामाने विचारलं.

हेच तिच्या अंगाशी आलं. आता रोज सकाळी ती मामाबरोबर हॉस्पिटलात जायची. फाटकाच्या आत, सायकली लावतात त्या छपराखाली उभं राहून मामाच्या फोनात डोळे मिचकावायची, मग धावत कॉलेज. संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटचं प्रॅक्टिकल बुडायला लागलं. सरांनी विचारलं, रोज चारला कुठे जातेस? ती म्हणाली, मामाला घरी आणायला. सर म्हणाले, वा, किती काळजी घेतेस. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा पंचवीस वर्षं एकटा येतजात होता, काठी टेकत, बस बदलून, कुणाची मदत न घेता. आता भाचीने नेल्याशिवाय तो कामावर पोचतच नव्हता. निदान कागदोपत्री तरी नाही.

ती डोळे मिचकावायची तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एकदा म्हणाला, "मी इथे माझ्याच हजेरीला पाहुणा म्हणून येतो." हसत म्हणाला, पण नंतर बसमध्ये चढताना त्याने तिचा हात धरला नाही.

ती पुन्हा त्या बाईंकडे गेली. खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून आडून बोलली. "बाई, मामाला त्या ॲपचा फार त्रास होतो. साधी सही नाही का चालणार?"

बाईंनी संगणकात पाहिलं. "त्रास कसला? इथे तर शंभर टक्के हजेरी दिसतेय. एकदाही चुकलं नाही. डोळस लोकांचं रोज अडतंय आणि तुझ्या मामांचं बघ! मी वर कळवते हं, चांगलं उदाहरण आहे."

लवंगी बाहेर येऊन जिन्यावर बसली. कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी होतं. बाईंचं चुकत नव्हतं. मामाला अडचण आहे ह्याचा एकुलता एक पुरावा असता तर तो म्हणजे त्याची बुडालेली हजेरी. तो पुरावा रोज दोनदा, न चुकता, कोण पुसत होतं? हीच.

त्यात आणखी एक बातमी आली. हॉस्पिटलचे फोन आता यंत्र घेणार, तीन ऑपरेटरांपैकी एकच ठेवणार, आणि कुणाला ठेवायचं ते ह्या तिमाहीच्या हजेरीवरून ठरणार. रजा घेतली तरी गुण कापले जाणार. मामाची खुर्ची आता लवंगीच्या पापण्यांवर टेकली होती.

आणि नेमकं तेव्हाच गटाचं संमेलन ठरलं. समुद्रापलीकडच्या शहरात, पाच दिवस, सगळ्या देशांतली मुलं समोरासमोर. शिवाय सरकारी माणसं येणार, कंपन्या येणार. बोलायला निवडलेल्यांत लवंगीचं नाव होतं. विमानाचं तिकीटसुद्धा तेच काढणार. पोरगी अजून विमानाच्या पायरीलाही शिवलेली नाही. तिने तो मेल मामाला वाचून दाखवला, आणि वाचता वाचताच तिच्या लक्षात आलं. पाच दिवस!

"जायचं," मामा म्हणाला.

"आणि तुझी हजेरी?"

"मी रजा टाकतो. पाच दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"गुण कापतील. खुर्ची जाईल."

"जाऊ दे. तिला आताशा ढेकूणही फार झालेत."

"मामा, थट्टा नको!"

"मग काय करू? तुझं आयुष्य त्या सायकलींच्या छपराखाली उभं राहून घालवायचं का? मी डोळे मागितले होते का तुझे?"

हे लागलं. ती रडली नाही, ती ओरडली. तोही ओरडला. तिने पहिल्यांदाच मामाचा चढलेला आवाज ऐकला. आई मशीनवरून उठली, दोघांना गप्प बसवलं आणि म्हणाली, "ती गेली तर तू घरी बसणार, आणि तू घरी बसलास तर ती आयुष्यभर स्वतःला खात बसणार. त्यापेक्षा इथूनच बोल म्हणावं व्हिडिओवर." मामा पाठ फिरवून बसून राहिला. लवंगीने त्याच दिवशी आयोजकांना कळवलं, घरची अडचण आहे, इथूनच बोलेन. त्यांचं उत्तर आलं, हरकत नाही, तंत्रज्ञानाने अंतरं मिटवलीच आहेत. ते वाचून ती बराच वेळ एकटीच बडबडत होती, आणि ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिचा नंबर दुपारी होता. कॉलेज बुडवून ती मामाच्या खोलीत जाऊन बसली. ऑपरेटरची खोली ती केवढी? एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल, आणि भिंतीला टेकवलेली मामाची काठी. बाकीच्या दोघांची पाळी त्या वेळी नव्हती. मामा कानाला यंत्र लावून फोन जोडत होता, लवंगी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. तिचं भाषण तयार होतं. बोलणारा फोन, नाव नसलेली बटणं, अभिप्राय मोलाचा असल्याचे मेल, सगळं त्यात होतं. हजेरीचं ॲप मात्र तिने गाळलं होतं. ते सांगायचं तर आपण काय केलं तेही सांगावं लागलं असतं. खोटी हजेरी म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे मामाची खुर्ची गेली. म्हणून तोंडाला कुलूप, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिच्या आधी एका कंपनीचा माणूस बोलायला उभा राहिला. झकपक सूट, कानाजवळ छोटासा माइक. त्याच्यामागच्या पडद्यावर ॲपचं चिन्ह आलं तेव्हा लवंगी ताठ झाली. हेच ते! तो म्हणाला, आमचं तंत्रज्ञान सगळ्यांना सामावून घेतं, लोक उगाच शंका काढतात. उदाहरण देतो. एका मोठ्या हॉस्पिटलात एक अंध टेलिफोन ऑपरेटर आहेत. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, तरी चेहऱ्याची तपासणी ते रोज दोनदा पहिल्याच खेपेला पार करतात. एक दिवस चुकलेला नाही. आता हेच ॲप आणखी चार देशांतली हॉस्पिटलं घेणार आहेत.

सभागृहात टाळ्या पडल्या. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून त्या तेलात पडलेल्या पाण्यासारख्या तडतडल्या.

मामाने कानावरचं यंत्र खाली घेतलं. त्याला इंग्रजी चांगलं कळतं, हॉस्पिटलच्या फोनवर निम्मी बोलणी त्यातच होतात. "हा माझ्याबद्दल बोलतोय ना?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि हे लोक टाळ्या वाजवतायत."

"हो मामा."

पडद्यावर सूत्रसंचालिका लवंगीचं नाव पुकारत होती. खाली गटातल्या मुलांचे संदेश येत होते, 'तू पुढची! सांग त्यांना!' लवंगीने ध्वनी बंद ठेवला आणि मामाकडे वळली.

"मी ठरवलंय तेवढंच बोलते. बटणांबद्दल. बाकी काही नाही."

"सगळं बोल."

"वेड लागलंय का? खुर्ची जाईल. वर खोटेपणाचा शिक्का बसेल, आणि तो तुझ्यावर बसेल, माझ्यावर नाही!"

"कळतं मला," मामा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा फोनवरचा नव्हता, जड झाला होता. "पण तो काय म्हणाला ते ऐकलंस ना? चार देश. तिथल्या हॉस्पिटलांत माझ्यासारखे कुणी बसले असतील. ते सांगायला जातील, आमच्या पापण्या उघडत नाहीत. तर त्यांना माझं उदाहरण दाखवतील. बघा, ह्याला जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही? त्यांनी कुणाचे डोळे आणायचे, लवंगे? प्रत्येकाच्या घरी तू आहेस का?"

तिने मामाकडे पाहिलं. आपण मामाला वाचवलं असं इतके दिवस ती स्वतःला बजावत होती. तिने ध्वनी सुरू केला.

तयार केलेलं भाषण बाजूलाच राहिलं. ती म्हणाली, "आत्ता ज्या ऑपरेटरांची गोष्ट तुम्ही ऐकली ते माझे मामा आहेत. ते इथेच बसलेत. ते रोज कामावर येतात, पण तुमच्या ॲपने त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. त्याने रोज पाहिले ते डोळे माझे आहेत. मी त्यांच्या नावावर माझा चेहरा दिला, कारण त्यांचा चेहरा तुम्हाला चालला नाही. चूक माझी आहे. पण तुमच्या पडद्यावरचा तो शंभर टक्क्यांचा आकडा माझा आहे, तो खाली उतरवा." मग तिने लॅपटॉप मामाकडे वळवला. मामाने चष्मा काढला आणि मिटलेल्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसून राहिला.

लवंगीला वाटलं, आता होईल काहीतरी. काय व्हायचंय? सूटवाल्याने माइक मागून घेतला आणि शांतपणे म्हणाला, हा गैरवापराचा एक तुरळक प्रकार दिसतो, आम्ही त्याची नोंद घेतली आहे. सूत्रसंचालिका म्हणाली, हृदयस्पर्शी अनुभव होता, पण वेळ संपली आहे, प्रश्न खाली लिहून ठेवावेत. बेटावरचा मुलगा उभा राहून काहीतरी ओरडत होता, तो कोपऱ्यात दिसला न दिसला तोच चित्र बदललं आणि चहाच्या सुट्टीची पाटी आली. लवंगीने लॅपटॉप मिटला.

"संपलं?" मामाने विचारलं.

"चहा पितायत," ती म्हणाली. आणि मग मात्र तिला रडू फुटलं. रागानेच फुटलं ते. मामा तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिला आणि दुसऱ्या हाताने फोन जोडत राहिला. एवढं बोलून, एवढं सगळं पणाला लावून, हाती काय आलं? तुरळक प्रकार!

संध्याकाळी निघताना सवयीने तिचे पाय त्या छपराकडे वळले. मामाने तिचं कोपर धरलं. "घरी चल," तो म्हणाला. फोन खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मामा एकटाच कामावर गेला. आई म्हणाली जाऊ नकोस, अपमान करतील. लवंगी म्हणाली मी येते. तो म्हणाला, नको, तुझं प्रॅक्टिकल आहे. काठी टेकत, बस बदलून, वेळेच्या आधी पोचला. हजेरी लावली नाही. खुर्चीवर बसला, कानाला यंत्र लावलं. सकाळची गर्दीची वेळ. कुणाला रक्तपेढी हवी, कुणाला लहान मुलांचा वॉर्ड, कुणी नुसतंच घाबरून रडतंय. मामा एकेकाला धीर देत जोडत होता. हे सगळं त्याने संध्याकाळी घरी सांगितलं, आणि लवंगीने ते इतक्या वेळा सांगायला लावलं की तिला आता तोंडपाठ झालंय.

साधारण दहाच्या सुमाराला आतल्या लाइनवर कर्मचारी विभागातल्या बाईंचा फोन आला. आवाजात घाई होती. वरून आदेश आला असावा.

"हॅलो, ऑपरेटरच्या खोलीत कोण आहे? तुमचे ते अंध ऑपरेटर काल जाताना आणि आज येताना सिस्टिममध्ये दिसत नाहीत. गैरहजर लागलेत. कुठे आहेत ते, काही कल्पना?"

"मीच बोलतोय, बाई."

पलीकडे संगणकाची बटणं टकटकली.

"पण तुम्ही तर गैरहजर आहात," बाई म्हणाल्या.

"हो," मामा म्हणाला. "सकाळपासून."